लहान घर आणि फळीवरचे स्पीकर

गाणें ऐकण्याची आवड आपल्या लोकांस उपजतच आहे. परंतु तें कोणत्या साधनानें ऐकावें, याचा विचार आपण फारच थोडा करतों. कापड घेतांना पोत पाहणारा आणि आंबा घेतांना देंठाशीं वास घेणारा गृहस्थ स्पीकर घेतांना मात्र पेटीचा आकार, वॅटचा आंकडा आणि दुकानदाराचें वक्तृत्व एवढ्यावर विसंबतो. मग १५-२० हजार रुपये खर्चून आणलेली जोडी चार महिन्यांत फुलदाणी ठेवण्याच्या कामीं येते, आणि घरांतील मंडळी पुन्हां मोबाइलच्या चिमुकल्या तोंडाशीं कान लावून बसतात. सांताक्रूझसारख्या उपनगरांत, जेथें १० फूट रुंद व १२ फूट लांब खोलींत अभ्यास, जेवण, पाहुणे आणि निद्रा हीं सर्व उरकावीं लागतात, तेथें ही निवड विशेष विचारानें केली पाहिजे. कारण येथें पैशाबरोबर जागाही खर्चीं पडते, आणि या भागांत जागा पैशाहून महाग आहे.

ध्वनिक्षेपक हें नांव ग्रंथांत शोभतें. बाजारांत त्याला स्पीकर म्हणतात, म्हणून येथेंही तोच शब्द वापरूं. त्याचें तत्त्व सोपें आहे. लोहचुंबकाच्या खोबणींत तारेचें बारीक वेटोळें अधांतरीं ठेवलेलें असतें व त्याला कागदाचा किंवा तत्सम हलक्या पदार्थाचा शंकु जोडलेला असतो. वेटोळ्यांतून गाण्याचा विद्युत्प्रवाह गेला कीं तें पुढेंमागें थरथरतें आणि शंकु हवेला ढकलतो. अमेरिकेंतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनीं १९२५ सालीं या रचनेचें शास्त्र प्रसिद्ध केलें. त्यास शंभर वर्षें लोटलीं, तरी बहुतेक स्पीकरांची मूळ रचना तीच आहे. मोठा शंकु खालचे स्वर काढतो, तो वूफर. वरच्या स्वरांकरितां रुपयाच्या नाण्याएवढी एक टिकली असते, ती ट्वीटर. कोणते स्वर कोणाकडे धाडावयाचे हें ठरविणारी जी लहानशी योजना पेटीच्या आंत असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात.

खालचे स्वर नीट यावयाचे तर पूर्वीं कपाटाएवढी पेटी लागे. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यानें पेटी पूर्ण बंद करून आंत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला, आणि फळीवर ठेवतां येईल एवढ्या पेटींतूनही खोल स्वर निघूं लागले. पुढें १९७० च्या दशकांत बी.बी.सी.च्या अभियंत्यांपुढें एक निराळाच प्रश्न आला. बाहेरगांवच्या कार्यक्रमांचें ध्वनिमुद्रण ज्या मोटारींत बसून तपासावयाचें, तींत मोठी पेटी ठेवण्यास जागा नव्हती. त्यांनीं जेमतेम एक फूट उंचीचा स्पीकर तयार केला; एल.एस. ३/५ ए हें त्याचें नांव. अगदीं खोल स्वरांचा हव्यास त्यांनीं सोडून दिला आणि मनुष्याचा आवाज अस्सल ऐकूं यावा, यावर सारी बुद्धि वेंचली. आपली खोली त्या मोटारीपेक्षां फार मोठी नाहीं; तेव्हां त्यांनीं केलेली तडजोडच आपणांसही मानवण्यासारखी आहे.

शिवाय आपल्या संगीताला फार खोल जावें लागत नाहीं, हा एक मोठा लाभच समजावयाचा. काळी एक या पट्टींत लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचीं कंपनें सेकंदाला सुमारें ६९ होतात. ज्या स्पीकरची धांव साधारण ६० कंपनांपर्यंत नीट पोहोंचते, त्यावर ख्याल, भावगीत, नाट्यगीत, कीर्तन हें सर्व समाधानानें ऐकतां येतें. त्याखालीं जें कांहीं आहे तें बहुधा चित्रपटांतील स्फोट व नव्या तऱ्हेच्या नाचगाण्यांतील धबधब होय. त्याकरितां दुप्पट पैसे द्यावे कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें. आमच्या मतें देऊं नयेत.

आतां दुकानांतील परीक्षेविषयीं. मुंबईंत यासाठीं ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड प्रसिद्ध आहे. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस या दुकानांत तबकड्या विकत घेण्यापूर्वीं लहानशा खोलींत बसून ऐकण्याची सोय असे. तें दुकान २०१६ सालीं बंद झालें. पण घेण्याआधीं ऐकावें, ही त्याची चाल स्पीकरलाही तितकीच लागू आहे. मात्र ऐकतांना कान दोन ठिकाणीं फसतो, हें प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें.

पहिली फसवणूक मोठेपणाची. हार्वे फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, आवाज लहान असतां आपल्या कानाला खालचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकूं येतात, आणि आवाज वाढविला कीं ते भरून आल्यासारखे वाटतात. म्हणून दोन स्पीकरांपैकीं जो किंचित् मोठ्यानें वाजत असेल तोच 'भरदार' वाटतो, मग तो वस्तुतः हलका कां असेना. विक्रेत्याच्या हातून महाग जोडी जरा मोठ्यानें लागली, तर आपला निर्णय तेथेंच होऊन गेला म्हणावयाचा! याला उपाय असा कीं, मोबाइलवर ध्वनि मोजणारें साधन उतरवून घ्यावें, धबधब्यासारखा एकसुरी आवाज लावावा व दोन्ही जोड्या अर्ध्या-एक डेसिबेलच्या आंत सारख्या कराव्या. असलें साधन तंतोतंत नसतें. पण एकाची दुसऱ्याशीं तुलना करण्यास पुरेसें आहे.

दुसरी फसवणूक डोळ्यांची. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ऐकणाऱ्यांना तेच स्पीकर एकदां उघडे व एकदां पडद्याआड ऐकविले. उघडे असतांना मोठ्या व भारी दिसणाऱ्या पेट्यांना गुण अधिक पडले. पडदा पडतांच हा फरक बराच कमी झाला. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग घरीं अवश्य करून पाहावा. चुलत भावाची किंवा शेजाऱ्यांची जोडी दोन दिवस मागून आणावी, दोन्ही जोड्यांपुढें आईचें जुनें पातळ टांगावें, एकानें मागें तारा बदलाव्या व बाकीच्यांनीं एकमेकांशीं न बोलतां कागदावर गुण लिहावे. आजोबांनाही बसवावें, कारण वयोमानानें अत्युच्च स्वर ऐकूं येईनासे होतात. जी कर्कश शीळ नातवाला छळते ती आजोबांच्या गांवींही नसते. उलट आजोबांना शब्द कळेनासे झाले कीं, उच्चार कोठें पुसट होतात हें मुलांच्या आधीं त्यांना समजतें.

परीक्षेसाठीं काय वाजवावें? दुकानांत जी चकचकीत ध्वनिमुद्रणें लावतात तीं कोणत्याही स्पीकरवर गोड लागावींत अशींच निवडलेलीं असतात. आपण आपल्या कानांत वर्षानुवर्षें मुरलेला आवाज बरोबर न्यावा. पुणें आकाशवाणीवरून १९५५ सालीं सुरू झालेलें गीतरामायण ज्या घरांत ऐकलें जातें, त्या घरांतील प्रत्येकाला सुधीर फडके यांचा आवाज ठाऊक आहे. स्पीकरमधून तो सर्दी झाल्यासारखा किंवा डब्यांतून आल्यासारखा वाटला, तर कोणाला विचारण्याची गरजच उरत नाहीं. नुसतें बोलणें तर गाण्याहूनही कठोर परीक्षक आहे. मराठींत 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगत राहा, या दोहोंतील 'ज' निरनिराळे आहेत. चहांतला 'च' आणि चाकांतला 'च' एक नव्हेत. आकाशवाणीच्या बातम्या लावून हे भेद स्वच्छ कळतात कीं नाहीं तें पाहावें. 'स' व 'श' हीं अक्षरें सुईसारखीं टोंचूं लागलीं, तर ट्वीटरचा अतिरेक झाला असें समजावें.

त्यानंतर तंबोरा. घोडीवर तार जेथें चाटून जाते तेथें जवारी निर्माण होते व एका स्वरांतून असंख्य वरचे स्वर झिरपूं लागतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं या घोडीचें शास्त्रीय विवेचन केलें. लहान स्पीकरांत वूफरनें सोडून ट्वीटरनें स्वर उचलण्याची जागा बहुधा सेकंदाला २००० ते ३००० कंपनांच्या आसपास असते, आणि जवारीचें तेज पुष्कळसें तेथेंच खेळतें. सांधा वाईट असेल, तर तंबोरा खरखरतो किंवा त्याचें तेज मावळून नुसता घुमारा उरतो. मग तबला. दायांच्या शाईमुळें त्याचे उपस्वर सुरेल होतात, हें रामन व शिवकाली कुमार यांनीं १९२० सालीं मांडलें. तेव्हां दायां वाजला असतां तो ज्या षड्जांत मिळविला आहे तो षड्ज स्पष्ट ऐकूं आला पाहिजे. डग्ग्यावर मनगट घांसून वादक जी मींड काढतो, ती कान देऊन ऐकावी. ती खालून वर अखंड सरकली तर उत्तम. मध्येंच एखाद्या ठिकाणीं 'बुम्' असा फुगवटा आला, तर एक तर पेटी सदोष आहे किंवा खोली.

खोलीचा विचार दुकानांत होतच नाहीं, आणि खरा घोटाळा येथेंच होतो. समोरासमोरच्या भिंतींमध्यें कांहीं ठराविक स्वर अडकून घुमत राहतात. १२ फूट लांबीच्या खोलींत असा पहिला स्वर सुमारें ४७ कंपनांचा, १० फुटांच्या बाजूस सुमारें ५७ कंपनांचा. त्यांच्या दुपटी ९४ व ११४ यांच्या आसपास पडतात, म्हणजे नेमक्या पुरुषी आवाजाच्या व डग्ग्याच्या मुलुखांत. स्पीकर कोपऱ्यांत कोंबला कीं हे स्वर आणखीच माजतात. एक वीतभर पुढें ओढला, तर कित्येकदां निम्मा दोष तेथेंच जातो. पेटीच्या पाठीला भोंक असेल तर ती शोकेसमध्यें बंद करूं नयेच. निरुपायच झाला तर भोंकांत मोज्याची गुंडाळी घालून पाहावी. त्याच शोकेसमध्यें स्टीलचे पेले असल्यास तेही गाण्याला साथ करतात, ते अगोदर हलवावे. मधोमध उभें राहून टाळी वाजवावी: टाळीमागून झणत्कार आला, तर खोली उघडीबोडकी आहे. फरशीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, समोरच्या भिंतीशीं गाद्यांची चळत किंवा पुस्तकांचें कपाट, एवढ्यानें जें साधतें तें दहा हजारांच्या तारेनें साधत नाहीं.

दोन पेट्या व ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर कानाच्या उंचीस यावा. परदेशी पुस्तकांत ही उंची खुर्चींत बसणाऱ्याची दिलेली असते. आपल्याकडे पुष्कळ जण चटईवर मांडी घालून ऐकतात. त्यांचा कान जमिनीपासून सुमारें अडीच फुटांवर असतो. फळी त्याहून उंच असेल, तर पेटीच्या मागच्या कडेखालीं लाकडाची पाचर सरकवून तिचें तोंड खालीं कलवावें.

आंकड्यांविषयीं थोडक्यांत. वॅटचा मोह धरूं नये. ज्याच्यावर ८६ डेसिबेल असें लिहिलें आहे, तो स्पीकर १ वॅटनें १ मीटर अंतरावर तेवढा आवाज देतो. दोन मीटरवर बसलें तरी साधारण ८० उरतो, आणि घरांत सामान्यतः ७० च्या आसपासच ऐकतात. अचानक उसळणाऱ्या तानांकरितां व सम दणक्यानें पडते तिच्याकरितां राखीव शक्ति हवी, ती २०-३० वॅटच्या अॅम्प्लिफायरांत मिळून जाते. ज्यांच्याकडे अॅम्प्लिफायर नाहीं, त्यांनीं तो आंतच बसविलेली जोडी घ्यावी. तारांचा गुंता व जागा दोन्ही वांचतात. स्वदेशी मालाचा विचार करणाऱ्यांस हें सांगितलें पाहिजे कीं, कलकत्त्याच्या सोनोडाइन या संस्थेनें १९७० सालापासून या धंद्यांत नांव मिळविलें आहे.

आमच्या उपनगराची म्हणून एक अडचण आहे, ती हवेची. वूफरच्या शंकूभोंवतीं जें मऊ कडें असतें तें फोमचें असल्यास उष्ण व दमट हवेंत दहा-पंधरा वर्षांत चुरा होऊन गळूं लागतें. रबराचें पुष्कळ अधिक टिकतें. जुनी जोडी स्वस्तांत मिळत असेल, तर त्या कड्यावरून बोट हळूच फिरवावें. बोटाला काळी भुकटी लागली तर किंमत त्या मानानें पाडून मागावी, कारण कडें नवें बसवून घ्यावें लागणार. दाबलेल्या भुशाच्या फळ्यांची पेटी ओलसर भिंतीला टेकवूं नये, ती फुगते. २६ जुलै १९४४ नव्हे, २००५ ची गोष्ट. पण ९४४ हा आंकडा लक्षांत राहतो तो निराळ्या कारणानें: त्या दिवशीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तळमजल्यावर राहणाऱ्यांनीं जमिनीवर उभे राहणारे स्पीकर कां घेऊं नयेत, याचें याहून सबळ कारण देण्याची गरज नाहीं.

विमानतळ शेजारीं असल्यामुळें येथील दिवस फारसा शांत नसतो, आणि त्या गोंगाटावर मात करण्यासाठीं आवाज वाढविण्याचा मोह होतो. स्पीकरची अखेरची परीक्षा म्हणूनच रविवारीं पहांटे, सहा वाजून गेल्यावर, अगदीं हळू आवाजांत करावी. जो हळू वाजतांनाही शब्द सोडीत नाहीं तो आपल्या कामाचा. २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. आणि खालचे स्वर भिंतीपलीकडे सर्वांत आधीं पोहोंचतात. पलीकडच्या घरीं दहावीचा विद्यार्थी असेल, तर पेटी त्या सामाईक भिंतीवरील फळीवर न ठेवतां समोरच्या भिंतीला हलवावी व तिच्याखालीं रबराचे चार तुकडे घालावे. सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडेही चालतात.