परिचारिकेचे शिक्षण आणि बदलते शहर

डॉक्टर औषध लिहून देतात. परंतु ते रुग्णाच्या पोटात वेळेवर गेले की नाही, ताप चढला की उतरला, हे रात्री दोन वाजता पाहते ती परिचारिका. तरीही तिचे शिक्षण म्हणजे आज्ञापालनाचे वळण, असाच समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होता. १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले, तेव्हा त्या समजाला पहिला धक्का बसला.

त्यानंतरचे मोठे पाऊल भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये उचलले. पदवीची चार वर्षे आठ सत्रांत विभागली गेली. संगणकीय आरोग्यनोंदी, अतिदक्षता, न्यायवैद्यक परिचर्या आणि असाध्य व्याधीच्या रुग्णाची वेदना हलकी करणारी उपशामक परिचर्या यांना अभ्यासक्रमात स्थान मिळाले. अखेरचे सत्र प्रत्यक्ष सेवेसाठी राखले गेले.

हा बदल कोणासाठी, हे पाहावयाचे तर मीरा-भाईंदरकडे पाहावे. २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लक्षांवर गेली होती. एका टोकाला उत्तनचे कोळीवाडे, दुसऱ्या टोकाला मीरा रोडच्या उत्तुंग इमारती. घरातील कर्ती माणसे पहाटेच लोकलने मुंबई गाठतात. मागे उरतात मधुमेह व रक्तदाब यांच्याशी वर्षानुवर्षे झुंजणारे वृद्ध. ही दुखणी रुग्णालयात बरी होऊन संपत नाहीत. ती घरातच सांभाळावी लागतात. अशा घरी जाणाऱ्या परिचारिकेला शेजारी डॉक्टर नसताना निर्णय घ्यावा लागतो. पायाची जखम चिघळते आहे, हे तिने वेळीच ओळखले नाही, तर पाय गमावण्याची पाळी येते.

प्रश्न असा की, नवा अभ्यासक्रम हे सामर्थ्य देईल काय? प्रयोगशाळेतील पुतळ्यावर सुई टोचण्याचा सराव अवश्य व्हावा. त्यात रुग्णाला धोका नाही. परंतु पुतळा घाबरत नाही, खोटे बोलत नाही, औषध परवडत नाही म्हणून अर्धीच गोळी घेत नाही. हे शिक्षण माणसांतच मिळते. म्हणून भाईंदरच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयासारखी सार्वजनिक रुग्णालये, पालिकेची आरोग्य केंद्रे आणि वस्त्यांतील घरे हीच विद्यार्थिनींची खरी पाठशाळा व्हावयास हवी. मात्र त्यांच्यासमवेत अनुभवी शिक्षिका असली पाहिजे. अन्यथा शिकाऊ मुलींना मनुष्यबळाची तूट भरून काढण्यासाठी राबविले जाईल, आणि अनुभवाच्या नावाखाली केवळ चादरी बदलण्याचे काम त्यांच्या वाट्यास येईल.

विषयांची यादी राजपत्रात एका दिवसात बदलता येते. शिक्षिका घडविण्यास वर्षे लागतात. त्या वर्षांचा खर्च उचलण्याची शासनाची तयारी नसेल, तर पदवीचे नाव तेवढे नवे राहील आणि रुग्णाची रात्र मात्र जुनीच.