मॅग्रेगर
मॅग्रेगर : स्कॉटलंडच्या हायलँड्स प्रदेशातील एक गेलिक आडनाव व कुल. गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे पुत्र. म्हणून ‘ग्रेगरचा पुत्र’ असा त्याचा अर्थ होतो. नवव्या शतकातील आल्पिन राजवंशाशी हे कुल आपले नाते सांगते. त्यास समकालीन पुरावा मात्र नाही. ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे या खोऱ्यांत त्यांची वस्ती होती. तेथील जमिनीचे हक्क कॅम्बेल घराण्याकडे गेल्यावर ते लुटालुटीकडे वळले. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेनफ्रून येथे त्यांनी कहून कुलातील अनेकांना ठार केले. त्यावर ३ एप्रिल १६०३ रोजी प्रिव्ही कौन्सिलने हे आडनावच बेकायदा ठरविले व ते न टाकणाऱ्यास देहदंड फर्माविला. कुलप्रमुख अ‍ॅलस्टर यास १६०४ मध्ये एडिंबरो येथे फाशी देण्यात आले. ही बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये पुन्हा लादली गेली व १७७४ मध्ये कायमची रद्द झाली. मधल्या काळात पुष्कळांनी ड्रमंड, ग्रॅहम, मरी, इतकेच नव्हे तर प्रतिस्पर्ध्यांचे कॅम्बेल हेही आडनाव घेतले. सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीमुळे (१८१७) ख्यातनाम झालेला रॉब रॉय (१६७१–१७३४) आईचे कॅम्बेल हे आडनाव लावी. साहजिकच या कुलाचा वंश केवळ आडनावावरून ठरविता येत नाही. बंदी उठल्यावर ८२६ कुलबांधवांनी प्रमुख मानलेला जॉन मरी हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करातील अधिकारी होता. त्याच्या घराण्याने १८२२ मध्ये मॅग्रेगर हे आडनाव पुन्हा धारण केले.