नेटवर्क स्विचच्या स्टॅकसाठी टोपॉलॉजीची निवड : साखळी की वलय?

प्रस्तावना :
महाविद्यालयातील प्रवेशप्रक्रिया, परीक्षा अर्ज, ग्रंथालय व लेखा विभाग यांचे दैनंदिन काम आज संगणकीय जाळ्यावर अवलंबून आहे. असे असूनही स्विच विकत घेताना पोर्टची संख्या आणि किंमत यांचाच विचार प्रामुख्याने होतो. ते परस्परांना कसे जोडावेत हा प्रश्न जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञावर सोपविला जातो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित प्रश्नाचे विवेचन केले आहे. त्यासाठी सिस्को कंपनीने 2003 साली बाजारात आणलेल्या कॅटालिस्ट 3750 या स्विचचे उदाहरण घेतले आहे. त्याची विक्री आता बंद झाली असली, तरी स्टॅकची मूलतत्त्वे त्यावरून स्पष्टपणे समजतात.

स्टॅकचे स्वरूप :
अनेक स्विच मागील बाजूच्या विशेष केबलने जोडून त्यांचा एकच तार्किक स्विच बनविणे म्हणजे स्टॅक होय. कॅटालिस्ट 3750 चे जास्तीत जास्त नऊ स्विच असे जोडता येत. त्यांपैकी एक प्रमुख म्हणून निवडला जातो आणि संपूर्ण स्टॅकला व्यवस्थापनासाठी एकच आयपी पत्ता पुरतो.

साखळी व वलय :
पहिला स्विच दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला असे जोडत गेल्यास साखळी तयार होते. शेवटचा पुन्हा पहिल्याला जोडल्यास वलय पूर्ण होते. पाच स्विचच्या साखळीस चार केबल लागतात, वलयास पाच. खर्चातील फरक केवळ एका केबलचा आहे. खरेदीच्या यादीतून नेमकी हीच केबल ‘अनावश्यक’ म्हणून वगळली जाते, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

या एका केबलचे मोल बिघाडाच्या वेळी कळते. साखळीतील तिसऱ्या स्विचचा वीजपुरवठा खंडित झाला, तर पहिले दोन व शेवटचे दोन यांचा संबंध तुटतो. एका स्टॅकचे दोन स्टॅक होतात आणि दोन्ही भाग तीच संरचना व तोच आयपी पत्ता वापरू लागतात. मुख्य जाळ्याकडे जाणारा दुवा एकाच भागात असेल, तर दुसऱ्या भागावरील सर्व संगणक बाहेर पडतात. दोन्ही भागांत असेल, तर एकाच पत्त्याचे दोन दावेदार निर्माण होतात. निकालाच्या दिवशी असे घडले की एका यंत्राचा दोष साऱ्या इमारतीला भोवतो. वलयात मात्र तोच स्विच बंद पडला, तरी पहिला व पाचवा यांना जोडणाऱ्या केबलमुळे उरलेले चार एकत्र राहतात. दोन ठिकाणी बिघाड झाला, तरच वलयाचे विभाजन संभवते.

वेगाचा मुद्दाही येथे येतो. 3750 च्या स्टॅकची क्षमता 32 गिगाबिट प्रतिसेकंद सांगितली जात असे. प्रत्यक्षात ते 16 गिगाबिटचे दोन मार्ग होते. वलय तुटल्यास क्षमता निम्मी होते. साखळीत ती मुळातच निम्मी असते. तथापि कार्यालयीन वाहतूक बहुतांशी सर्व्हर व इंटरनेटकडे जाणारी असल्याने, वेगापेक्षा अखंडता हाच निवडीचा निकष मानणे योग्य ठरेल.

लूपची भीती :
‘वलय जोडले तर लूप होईल’ अशी शंका पुष्कळदा ऐकू येते. साध्या इथरनेट पोर्टांच्या बाबतीत ती रास्त आहे. तेथे पॅकेट अखंड फिरत राहू नयेत म्हणून रॅडिया पर्लमन यांनी 1985 साली स्पॅनिंग ट्री पद्धती मांडली, आणि ती 1990 मध्ये आयईईई 802.1डी या मानकात समाविष्ट झाली. ही पद्धती वलयातील एक दुवा अडवून ठेवते. स्टॅकचे वलय याहून भिन्न आहे. ते स्विचच्या अंतर्गत रचनेचा भाग असून स्पॅनिंग ट्रीला दिसत नाही. पॅकेट फिरून आल्यावर ते काढून टाकण्याची व्यवस्था त्यातच आहे. या दोन वलयांतील भेद न जाणल्यामुळेच अनेकदा साखळी पत्करली जाते.

प्रत्यक्ष जोडणी :
3750 च्या स्टॅक केबल अर्धा, एक व तीन मीटर लांबीच्या असत. वरच्या स्विचपासून खालच्यापर्यंत लांब केबल नको असल्यास 1–2, 1–3, 2–4, 3–5, 4–5 अशी जोडणी करावी. यात कोणतीही केबल एकाहून अधिक स्विच ओलांडत नाही आणि वलय पूर्ण राहते. मुख्य जाळ्याकडील दोन दुवे दोन भिन्न स्विचवर घेऊन ते एकत्रित करावेत, अन्यथा वलयाचा लाभ वाया जातो. इतक्या आखूड केबलमुळे स्टॅक एका रॅकपुरताच मर्यादित राहतो. स्वतंत्र इमारतींसाठी मध्यवर्ती स्विचपासून प्रत्येक इमारतीस ऑप्टिकल फायबर नेणारी तारा रचनाच स्वीकारावी. शिवाय सॉफ्टवेअर बदलताना सामान्यतः सगळा स्टॅक एकदम पुन्हा सुरू होतो. म्हणून मध्यवर्ती ठिकाणी सर्वस्वी एकाच स्टॅकवर विसंबणे प्रस्तुत लेखकास प्रशस्त वाटत नाही.

वलयाचा एक दोषही आहे. एक केबल सैल झाली तरी काम चालू राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. 3750 वर स्टॅकची स्थिती दर्शविणाऱ्या आज्ञेच्या उत्तरात वलय ‘फुल’ आहे की ‘हाफ’ हे दिसते. पुरवठादाराचे देयक मंजूर करण्यापूर्वी सुट्टीच्या दिवशी एक केबल मुद्दाम काढून हे उत्तर पाहावे, आणि पुढे प्रत्येक सत्रारंभी त्याची नोंद ठेवावी.