पृष्ठभागावर विषाणू सापडतो, म्हणजे नेमके काय सापडते?

२०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात विलगीकरणात ठेवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर ३,७११ प्रवासी व कर्मचारी होते. त्यांत १३८ भारतीय. खोल्या रिकाम्या झाल्यावर, पण निर्जंतुकीकरणापूर्वी, तेथील पृष्ठभागांवर १७ दिवसांपर्यंत करोना विषाणूचा आरएनए आढळल्याची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केली. सतरा दिवसांचा हा आकडा धास्तीचा विषय ठरला. संसर्ग पृष्ठभागांवरूनच झाला, असे यावरून म्हणता येत नाही, हेही त्याच अहवालात नमूद होते. तिकडे फारसे लक्ष गेले नाही.

तपासणीची रीत तशी साधी असते. खाटेचा कठडा, दाराची मूठ, विजेचे बटण, नळ अशा वारंवार हात लागणाऱ्या जागी ठरावीक क्षेत्रफळावर द्रावणात भिजवलेला कृत्रिम तंतूचा बोळा फिरवतात. कापसाचा बोळा किंवा लाकडी काडी टाळतात, कारण त्यांतील घटक पुढील चाचणीत अडथळा आणू शकतात. जंतुनाशकाचा अंश राहिला असेल तर तोही निष्प्रभ करावा लागतो. नाहीतर नमुना बाटलीतच बिघडतो. मग थंड पेटीतून नमुना प्रयोगशाळेत जातो आणि आरटी-पीसीआर होते.

खरी अडचण इथेच आहे. ही चाचणी विषाणूचा आरएनए ओळखते, त्याची संसर्गक्षमता नव्हे. साबणाने वा वाळल्याने विषाणूचे मेदयुक्त आवरण फुटते, तरी आरएनएचे तुकडे मागे राहू शकतात. घर रिकामे झाले तरी दारावरची नावाची पाटी राहावी तसे. विषाणू जिवंत आहे का, हे पाहायचे तर तो पेशींवर वाढवून बघावा लागतो आणि त्यासाठी उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये हा विषाणू असाच वेगळा केला होता. कठड्यावरच्या प्रत्येक नमुन्यासाठी ही सोय जवळपास कोणत्याच रुग्णालयाला शक्य नाही.

मग तपासणी व्यर्थ का? नाही. सिंगापूरमधील एका रुग्णाच्या खोलीत सफाईपूर्वी घेतलेल्या १५ जागांपैकी १३ ठिकाणी आरएनए सापडला. सफाई झालेल्या अन्य खोल्यांत मात्र नमुने नकारात्मक आले. हवा बाहेर टाकणाऱ्या झडपांवरही अंश आढळले, ही बाब अधिक बोलकी होती. लंडनच्या एका बालरुग्णालयात तर फ्लॉवरच्या झाडाला होणाऱ्या विषाणूचा निरुपद्रवी डीएनए एका खाटेच्या कठड्याला लावून ठेवला. दहा तासांत तो कक्षातील ४१ टक्के तपासलेल्या जागी पोहोचला. अर्थात प्रवास हातांचा होता.

स्वच्छता तपासण्यासाठी वापरली जाणारी एटीपी चाचणी विषाणू शोधत नाही. विषाणूंत एटीपी नसतेच. ती सेंद्रिय मळ किती उरला, एवढेच सांगते. दोन्ही अहवाल एकाच फाइलमध्ये लागले की घोटाळा होतो.

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकी केंद्राने दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षा कमी असल्याचे सांगितले. तोवर अनेक विलगीकरण केंद्रांत फवारणीवर पैसा खर्च झाला होता, आणि खिडक्या बंदच होत्या.