परदेशी शिक्षणाचा हिशेब : विम्याची ओळ आधी लिहा



आपल्या सातारा-सांगलीच्या गावांतली मुलं-मुली आता पुण्या-मुंबईच्याही पुढे, इंग्लंड-जर्मनीला शिकायला निघाली आहेत. कर्जाच्या कागदावर सही मात्र आई-वडिलांचीही लागते. मोठ्या कर्जाला घर किंवा जमीन तारण द्यावी लागते. म्हणून हा हिशेब एकट्या मुलांवर सोडू नका. गटाची वही लिहिणाऱ्या बाईला तो नक्की जमतो.

घरात बोलणं होतं ते फीचं आणि विमानाच्या तिकिटाचं. आजारपणाचा खर्च कोणी धरतच नाही. "आपलं आयुष्मान कार्ड आहे की!" असं कुणीतरी म्हणतं. पण ते कार्ड काय किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजना काय, भारताबाहेर चालत नाही. प्रत्येक देशाचा नियम निराळा आहे.

इंग्लंडला व्हिसाचा अर्ज करतानाच सरकारी आरोग्य शुल्क भरावं लागतं. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्याला ते वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या एम.ए., एम.एस्सी.ला व्हिसा वर्षापेक्षा काही महिने जास्त मिळतो, म्हणून साधारण १,१६४ पौंड होतात. पौंड ११० रुपये धरला, तर जवळजवळ १ लाख २८ हजार रुपये! हे कर्जाच्या रकमेत धरलेत का, ते बँकेत आधीच विचारा. व्हिसा नाकारला तर हे शुल्क परत मिळतं. शुल्क भरलं की तिथल्या सरकारी दवाखान्यात उपचार होतात, पण दात आणि चष्म्याचा खर्च बहुधा वेगळा पडतो. ती कामं इथेच उरकून घ्या.

जर्मनीत आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदवत नाहीत. त्याचा हप्ता दर महिन्याला असतो. शिवाय वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो आधी एका खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. विम्याचा हप्ताही त्यातूनच जातो, हे विसरू नका.

अमेरिकेत बहुतेक विद्यापीठं स्वतःचा विमा घ्यायला लावतात. तिथे एकच प्रश्न विचारा : विमा कंपनी पैसे देण्याआधी आपल्या खिशातून किती जाणार?

आता वही उघडा आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात एकदाच लागणारा खर्च : व्हिसा, तिकीट, आरोग्य शुल्क. दुसऱ्यात महिन्याचा : भाडं, जेवण, प्रवास, विम्याचा हप्ता आणि इकडचं कर्जाचं व्याज. तिसऱ्यात अडीअडचणीची शिल्लक. पौंड पाच रुपयांनी वाढला तर एका आरोग्य शुल्कातच ५,८२० रुपये जास्त जातात, म्हणून ही शिल्लक हवीच.

"तिकडे काम करून भागवीन," असं मुलं म्हणतात. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्यामुळे ती कमाई जमेच्या बाजूला आधीच लिहू नका.

आकडे बदलत असतात. पैसे भरण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर मुलांकडून पुन्हा पाहून घ्या. एजंट सांगतो म्हणून सही करू नका. हिशेब आपल्या वहीत जुळला, की मगच पेन उचला.