तंत्रज्ञानाची फॅशन कुणाच्या जिवावर?

कंपन्यांचे मालक पै-पैचा हिशेब ठेवतात, असे म्हटले जाते. मग बाजारात नव्या तंत्रज्ञानाचा गाजावाजा झाला की हेच मालक त्याचा उपयोग न तपासता त्याच्यामागे का धावत सुटतात? हा प्रश्न कष्टकऱ्यांच्या भाकरीशी जोडलेला असल्यामुळे आम्ही तो येथे उपस्थित करीत आहोत.

अमेरिकेतील ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ ही थंड चहा विकणारी कंपनी. डिसेंबर २०१७ मध्ये तिने ‘लाँग ब्लॉकचेन’ असे नाव धारण केले. चहा तोच, बाटली तीच, बदलली फक्त पाटी! तरीही एका दिवसात तिच्या शेअरचा भाव दुपटीहून अधिक चढला. पुढे २०१८ साली नॅसडॅक शेअर बाजाराने तिला यादीतून काढले आणि २०२१ साली अमेरिकेच्या रोखे नियामकाने तिच्या शेअरची नोंदणीच रद्द केली. ज्यांनी चढ्या भावाने शेअर घेतले, ते फसले.

म्हणजे फॅशनचे पहिले कारण शेअर बाजार. दुसरे कारण भीती. परिस्थिती अनिश्चित असली की संस्था एकमेकींची नक्कल करतात, असे पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल या समाजशास्त्रज्ञांनी १९८३ सालीच मांडले होते. सर्वांबरोबर चुकलेल्या साहेबाला कोणी जाब विचारत नाही. एकटा वेगळा राहून चुकला तर मात्र त्याची खुर्ची जाते. तिसरे कारण, यंत्राचे नाव पुढे करून मजुरीचा खर्च कापता येतो.

स्वीडनच्या ‘क्लार्ना’ कंपनीने २०२४ साली जाहीर केले की, ग्राहकसेवेतील ७०० माणसांइतके काम आमची कृत्रिम बुद्धिमत्ता करते. त्याचा मोठा डंका पिटला गेला. २०२५ साली कंपनीच्या प्रमुखांनीच मान्य केले की खर्चकपातीच्या नादात सेवेचा दर्जा घसरला, आणि पुन्हा माणसे घेण्याचे ठरले. पण साहेबाला चूक कळेपर्यंत कामगाराच्या घरची चूल थांबते काय?

आम्ही तंत्रज्ञानाचे विरोधक नाही. आमचा विरोध पुराव्याशिवाय घेतलेल्या निर्णयाला आहे. कामगारकपात होऊ शकेल असा यांत्रिक बदल करण्यापूर्वी कामगारांना नोटीस दिली पाहिजे, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. परंतु कायदा कागदावर असून भागत नाही, तो मागावा लागतो.

म्हणून नवे यंत्र दारात आले की कामगार बांधवांनी आणि भगिनींनी संघटितपणे विचारावे : याने कोणते काम सुधारणार? त्याचा पुरावा काय? आणि प्रयोग फसला तर किंमत कोण मोजणार? मालक उत्तर देत नसेल, तर ती फॅशन आहे असे खुशाल समजावे.