भूमचा माळ : लांडगा, शेततळे आणि खव्याची भट्टी

बार्शीहून उत्तरेकडे जाणारा भूमचा रस्ता चढणीला लागला की शिवाराचा रंग पालटतो. काळ्या रानातला ऊस आणि फळबागा मागे पडतात. पुढे मुरमाड उतार, तरवडाची झुडपे, बोरी-बाभळी, मधूनच एखादा हिवर आणि दिवाळीनंतर गुडघ्याएवढे वाढून पिवळे पडलेले गवत. ही बालाघाटाची रांग. धाराशिव जिल्ह्याच्या वायव्य भागातला भूम तालुका या रांगेच्या माथ्यावर आणि उतारांवर पसरला आहे. उत्तरेला बीड जिल्ह्याच्या हद्दीवरून मांजरा वाहते, दक्षिणेकडे बाणगंगेसारखे प्रवाह सीनेच्या खोऱ्यात उतरतात. एकाच माथ्यावरच्या पावसाचा एक वाटा गोदावरीला मिळतो, दुसरा भीमेला. पाऊस तसा बेताचाच, आणि त्यातही दोन-तीन वर्षांनी हुलकावणी ठरलेली.

बाहेरच्या माणसाला भूम ठाऊक असते ते कुंथलगिरीमुळे. देशभूषण आणि कुलभूषण मुनींचे हे सिद्धक्षेत्र, आणि १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली ती इथेच. कोणी माणकेश्वरच्या प्राचीन शिवमंदिराची शिल्पे पाहायला येतो, कोणी आलमप्रभूच्या दर्शनाला. आणि खवा तर सगळ्यांनाच माहीत. पण या मुलुखाची आणखी एक संपत्ती आहे. तिची पाटी कुठल्याच रस्त्यावर लावलेली नाही. ती म्हणजे इथला माळ आणि त्यावर जगणारे जनावर-पाखरू.

धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटर, आणि त्यातले वनाच्छादन एक टक्काही भरत नाही. हा आकडा ऐकला की ‘मग इथे वन्यजीव कुठून असणार’ असेच कोणालाही वाटते. तिथेच पहिली चूक होते. लांडगा, खोकड, कोल्हा, तरस, काळवीट ही घनदाट जंगलातली जनावरे नव्हेतच. त्यांना मोकळे गवत, विरळ झुडपे आणि नाल्याच्या कपारी लागतात. लांडग्याची मादी साधारण हिवाळ्यात ओढ्याकाठच्या मऊ मातीत किंवा कपारीत पिल्ले घालते आणि अख्खा कळप ती वाढवतो. देशभरात लांडगे तीन हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. वाघांची संख्याही साधारण तेवढीच. तरी लांडग्यासाठी ना सफारी, ना तिकीटघर.

पाखरांचेही तसेच. जमिनीशी एकरूप झालेली पखुर्डी, तित्तर, नाना जातींचे चंडोल, आकाशात एका जागी पंख मारत थांबणारी कापशी घार आणि जिकडेतिकडे मोर. शेजारी पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी १९९४ पासून अभयारण्यच आहे. पण मोराला तालुक्याची हद्द कळत नाही, तो भूमच्या तुरीतही तेवढाच हक्काने फिरतो. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या ससाणे येतात. दिवसभर पिकांवरून, गवतावरून अगदी कमी उंचीने उडत नाकतोडे टिपतात आणि संध्याकाळी उंच गवतात जमिनीवर रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. गवत जळाले किंवा नांगरले गेले की त्यांचा मुक्काम मोडतो. नाकतोडे खाणारे हे पाहुणे शेतकऱ्याकडून एक पैसा न घेता राखण करतात.

वाघ आला तेव्हा मात्र सगळ्यांच्या नजरा या रांगेकडे वळल्या. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्याने एक नर वाघ टिपला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून तो निघालेला, सुमारे ५०० किलोमीटर चालून आलेला. येडशी भूमच्या आग्नेयेला आहे, सरळ रेषेत चाळीस किलोमीटरही नाही. तिथल्या अभयारण्याचा पसारा जेमतेम २२ चौरस किलोमीटर. एका नर वाघाला तो कसा पुरावा? धाराशिव आणि बार्शीकडच्या गावांत त्याने जनावरे मारली, लोक रात्री रानात पाणी द्यायला जाईनात. त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचे ठरले, बाहेरून पथके आली, पण तो हाती लागला नाही. लोकांनी त्याचे नाव ‘रामलिंग’ ठेवले. भीती होती, नुकसानही झाले, आणि तरीही नाव ठेवले देवाचे. मराठवाड्यातल्या माणसांच्या मनाचा हा मोठेपणा मला फार मोलाचा वाटतो.

त्या वाघाने एक गोष्ट कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट सांगितली. विदर्भातून निघालेला वाघ उसाच्या फडांतून, नाल्यांतून, डोंगराच्या कडेकडेने, माळांवरून इथवर पोचू शकतो, म्हणजे ही वाट अजून तुटलेली नाही. बालाघाटाची रांग ही तिच्यातली महत्त्वाची कडी. भूम, वाशी, पाटोदा, जामखेड असे तालुके माणसाने पाडले. रात्री वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या लांडग्याच्या लेखी तो एकच माळ आहे.

हा माळ आता झपाट्याने बदलतो आहे. माथ्यावर वारा चांगला, म्हणून पवनचक्क्या आल्या. त्यांच्यासाठी माथ्यापर्यंत रस्ते झाले, वीजवाहक तारा आल्या. सोलापूर-धुळे महामार्ग रुंद झाला. पडीक म्हणून सोडलेले मुरमाड तुकडे पोकलेनने सपाट होऊ लागले. स्वच्छ वीज हवी, रस्तेही हवेत. इथल्या तरुणांना रोजगार कुठून मिळणार, हा प्रश्न खराच आहे. पण सरकारी दप्तरात हा माळ ओसाड जमिनीच्या रकान्यात बसतो, आणि जे ओसाड ते कशालाही द्यायला मोकळे, असा हिशेब होतो. त्या जमिनीवर मेंढपाळाचे कळप चरतात, ओढे-नाले पाणी मुरवतात, नाना जातींचे गवत उगवते, हे त्या रकान्यात येत नाही.

माळढोकाचे काय झाले हे भूमकरांनी विसरू नये, कारण ते घडले शेजारीच. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर हा पक्षी असल्याचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी जगापुढे आणले. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावेच्या गावे, शहरे, शेते सगळे आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, लोकांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली आणि शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान ‘हिरवे’ करण्याच्या हौसेने गवताळ जमिनीवर गिरिपुष्पासारखी बाहेरची झाडे लावली गेली. माळढोकाला चहूकडे नजर पोचेल असे मोकळे रान हवे असते, झाडांच्या रांगांत तो थांबला नाही. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत आणि नान्नजला दिसलाच तर बातमी होते. लोकांना बरोबर न घेता केलेले संरक्षण टिकत नाही, आणि माळाला जंगल समजून केलेली लागवड माळच मारते, हे दोन्ही धडे तिथेच मिळाले.

वृक्षलागवडीचा उत्साह आज जिल्ह्यात मोठा आहे आणि तो स्वागतार्ह आहे. गावठाण, शाळा, स्मशानभूमी, रस्त्याच्या कडा, शेताचे बांध, ओढ्याचे काठ इथे वड, पिंपळ, कडुनिंब, जांभूळ, करंज हवेत तेवढे लावावेत. पण गायरानावर खड्डे घेण्यापूर्वी गावातल्या मेंढपाळाला विचारावे. लांडग्याचे बीळ कुठे, काळविटांची बसायची जागा कोणती, मारवेल आणि पवन्या कुठल्या उतारावर दाट येतो, हे त्याला पाठ असते. जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने गावाची नोंदवही ठेवायची असते. ती वही भरताना पहिल्या खुर्चीचा मान या माणसाला मिळाला पाहिजे.

मेंढपाळ आणि लांडगा यांचे नाते समजून घेण्यासारखे आहे. रात्री शेतात मेंढ्या बसवताना भोवती वाघर लावतात, कुत्री सोडतात, आळीपाळीने जागतात. तरी कधी एखादे कोकरू जाते. धनगर चिडतो, हाकलतो, पण बहुतेक वेळा बिळावर जाऊन सूड घेत नाही. उस्मानाबादी शेळी हे या भागाचे भूषण, आणि गरीब घराचे चालते-बोलते बचत खातेही. ती बिबट्याने किंवा लांडग्याने नेली तर त्या घराचे दुःख शहरातल्या निसर्गप्रेमीने हलके मानू नये. सरकारी भरपाई आहे, पण त्यासाठी ४८ तासांच्या आत वन कार्यालयाला कळवावे लागते, मेलेले जनावर जागेवरून न हलवता पंचनामा करून घ्यावा लागतो. गावोगाव ही माहिती पोचत नाही, आणि पोचली तरी फेऱ्या घालताना माणूस थकतो. भूमच्या महाविद्यालयीन मुलांनी प्रत्येक गावात एकाला जरी हा अर्ज भरायला शिकवले, तरी लांडग्याचे प्राण वाचवण्याचे ते मोठे काम होईल.

श्रमाची कमतरता इथे कधी नव्हती. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली आणि पुढच्या फेऱ्यांत भूमचीही गावे टिकाव-फावडे घेऊन उतरली. एप्रिल-मेच्या उन्हात समतल चर खोदले, बांध घातले. त्याच २०१६ सालच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, कारण मांजरा धरण आटले होते. मांजरेच्या पाणलोटाचा काही भाग याच डोंगरांचा. माथ्यावरचे गवत माती धरून ठेवते, तेव्हाच धरण गाळाने भरायचे थांबते. लातूरच्या नळाला येणारे पाणी भूम-पाटोद्याच्या माळाशी बांधलेले आहे, हे लातूरकरांनीही ध्यानात घ्यावे.

पाण्यासाठी शेततळी झाली हे उत्तमच झाले. पण प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यात उन्हाळ्यात तहानलेले खोकड किंवा काळवीट उतरले की गुळगुळीत उतारावरून त्याला वर येता येत नाही. माणसांची मुलेही अशीच बुडतात. उपाय अगदी स्वस्त आहे. गाठी मारलेला जाड दोर किंवा जुनी जाळी दोन बाजूंनी काठापासून पाण्यात सोडून ठेवायची. जुन्या विहिरींना कठडा बांधायचा. कुंपणात सरळ वीज सोडणे तर कायद्याने गुन्हा, आणि त्यात जनावराआधी घरचे माणूस जाते.

आणि आता खवा. भूम परिसराचे अर्थकारण दुधावर आणि खव्यावर उभे आहे. इथला माल पुण्या-मुंबईपासून हैदराबादपर्यंत जातो आणि ‘कुंथलगिरी खवा’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण भट्टीचा हिशेब मांडून पाहावा. म्हशीच्या साधारण साडेचार ते पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. बाकीचे साडेतीन-चार लिटर पाणी वाफ करून उडवायचे. भट्टी नीट बांधलेली आहे आणि जळणाच्या उष्णतेचा पाचवा हिस्सा कढईला लागतो असे धरले, तरी किलोभर खव्यामागे तीन किलोच्या आसपास लाकूड लागते. रोज शंभर किलो खवा काढणारी एक भट्टी म्हणजे रोज तीन क्विंटल लाकूड. हे लाकूड बांधावरच्या बाभळीचे, बोरीचे, ओढ्याकाठच्या झाडांचे. शिवाय दिवसभर धुरात बसून कढई हलवणाऱ्या माणसाचे डोळे आणि छाती.

म्हणून भूममधल्या खवा उत्पादकांनी एकत्र येऊन सौर विजेवर चालणारी खव्याची यंत्रे बसवली, ही मला या तालुक्यातली सर्वांत महत्त्वाची पर्यावरणाची बातमी वाटते. एक किलो खव्यासाठी विजेवर तीन-चार युनिट पुरतात, धूर नाही, राख नाही, आणि ऊन तर इथे मुबलक. कोणत्याही अभयारण्याच्या अधिसूचनेने बाभळी वाचल्या नसत्या तितक्या या यंत्रांनी वाचतील. ज्याच्या पोटाशी झाडाचा संबंध आहे त्यानेच झाड वाचवायचा मार्ग काढला, हे यातले खरे बळ. अजून कितीतरी भट्ट्या लाकडावरच आहेत. छोट्या उत्पादकाला यंत्राची किंमत एकदम झेपत नाही, बँकेने त्याला म्हशीइतक्याच सहजपणे सौर यंत्रासाठी कर्ज द्यायला हवे. आणि पेढे घेणाऱ्याने दुकानदाराला एवढे तरी विचारावे, खवा लाकडावरचा की सौर यंत्रावरचा? गिऱ्हाईक विचारू लागले की बाजार ऐकतो.

वाढत्या गावाचे एक काम मात्र नगरपालिकेनेच करायचे आहे. गावाबाहेर माळावर टाकलेल्या कचऱ्यावर आणि कोंबड्यांच्या टाकाऊ मांसावर मोकाट कुत्री पोसली जातात. ती काळविटांची पाडसे फाडतात, रोग पसरवतात, आणि लांडग्यांशी त्यांचा संकर होतो. पुणे परिसरात असे संकरित जनावर जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे. कचरा झाकून उचलला आणि कुत्र्यांची नसबंदी-लसीकरण नेमाने केले, तर भूमला हे टाळता येईल.

इथे यायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. कुंथलगिरी पाहा, माणकेश्वर पाहा, आणि एक सकाळ माळासाठी ठेवा. गाडी रस्त्यावरच राहू द्या, गवतात घालू नका. लांडगा दिसला तर पाठलाग करू नका आणि बिळाचे ठिकाण मोबाइलवर कोणालाही पाठवू नका. विहिरीत पडलेले किंवा जखमी जनावर आढळले तर स्वतः हात घालण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.